पुट्टी भरलेली होडी

मुलांनो, डोळे मिटा, पण नाक उघडं ठेवा. तुम्ही कसबा पेठेतल्या एका सुताराच्या कारखान्यात उभे आहात, अशी कल्पना करा. समोर नवी लाकडी होडी आहे. तिला ताज्या सागाचा वास यायला हवा. पण येतोय ओल्या, कुजक्या पोत्यासारखा, आणि वर रंगाचा उग्र दर्प.

ही होडी बिबवेवाडीच्या एका शाळेने मुलांना वल्हवायला शिकवण्यासाठी सांगितली होती. बांधली होती दीनानाथने. त्याची मुलगी उत्कर्षा त्याच शाळेत होती. उद्या तिच्याच वर्गातली मुलं त्या होडीत बसून तलावात जाणार होती.

फळीवर एक फुगीर डाग दिसला, म्हणून उत्कर्षाने केसांतली पिन टोचली. पिन लोण्यात जावी तशी आत गेली. बाहेर आली ती तपकिरी, बुळबुळीत लगदा घेऊन. त्यात एक पांढरी अळी वळवळत होती. उत्कर्षाने पिन बाबासमोर धरली.

"बाबा, हे काय?"

"पुट्टी. भुसा आणि सरस. भोकं बुजवायला."

"आणि अळी?"

"ती वर फुकट!" दीनानाथ हसला.

"तू तर शाळेला साग सांगितला होतास."

"सागच आहे की! गाभ्याचा नाही, कडेचा कच्चा आहे, एवढंच. रंगाखाली कोण बघतंय?"

उत्कर्षाचे आजोबा धोंडिबा होडी देण्याआधी ती जमिनीवरच ठेवून आत पाणी भरायचे. चांगली फळी आधी थोडी पाझरते, मग फुगते आणि फटी मिटतात. सडकी फळी गळतच राहते. दीनानाथने या होडीत पाणी भरलंच नव्हतं. रंग खराब होतो म्हणे.

तेवढ्यात शाळेच्या मंदाकिनीबाई टेम्पो घेऊन आल्या.

"वा, काय चकचकीत आहे हो!"

"अहो बाई, साग आहे साग! तुमची नातवंडंसुद्धा बसतील यात."

बापाचं ते गोड हसू बघून उत्कर्षाला अळीपेक्षा जास्त किळस आली. टेम्पोवाला दोर घेऊन पुढे झाला.

उत्कर्षाने कोपऱ्यातली रबरी नळी ओढत आणली, तिचं तोंड होडीत सोडलं आणि बाबाकडे बघत नळ पूर्ण उघडला.