मीटरवरचा बाण

भर दुपारी अंगणात शेजारीपाजारी दाटीवाटीने उभे होते. वीजबाबाने मीटरवर हात धरला.

"घरातलं सगळं बंद करा. दुखणं याच तारेतून बाहेर जाणार. रोगालाही अर्थिंग लागतं."

शिवणकाम करणाऱ्या ताईने इस्त्री बंद केली, पंखा बंद केला, आणि शेवटी नवऱ्याच्या उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीनही. मीटरवरचा घराकडे वळलेला बाण फिरून बाहेर दाखवू लागला. लोकांनी हात जोडले.

बाबाला तिच्या सख्ख्या भावानेच आणलं होतं. दादा वीजकाम करायचा, छपरावरचे सोलर पॅनल त्यानेच बसवलेले. त्याला तारांतलं कळतं, म्हणून ताईने शंका घेतली नाही. ही तिसरी बैठक होती. दर वेळी अर्धा तास मशीन बंद, आणि नवऱ्याचे ओठ निळसर.

तेवढ्यात मीटर वाचणारी बाई रीडिंग घ्यायला आली. खिडकीतून खाट आणि उशाचं बंद मशीन दिसताच ती थबकली.

"आधी त्यांचं मशीन लावा. बाकीचं मग."

ताईने मशीन लावलं. बाण बाहेरच राहिला. बाबाचं तोंड उतरलं.

"आता इस्त्री लावा."

बाण घराकडे वळला. इस्त्री बंद केली, पुन्हा बाहेर.

"ऊन असलं की पॅनल वीज करतात. घराला लागून उरली, की ती बाहेरच्या तारेत जाते. कमी पडली, की बाहेरून आत येते. हा बाण तेवढंच सांगतो. यात रोग कुठून आला?"

बाबा म्हणाला, "मीटरमध्ये श्रद्धा मोजायची सोय नाही." कुणीतरी हसलं. त्याने झोळी उचलली.

ताई भावाकडे वळली.

"दादा, तुला हे माहीत होतं?"

तो चपला शोधत राहिला. "बाबांच्या मठाच्या इमारतींचं वायरिंगचं काम मला मिळणार होतं."

"मशीन चालू असतं तरी बाण बाहेरच गेला असता. मग ते का बंद करू दिलंस?"

"ढग आला असता तर? वीज कमी पडून बाण आत वळला असता. बाबांना खात्री हवी होती."

ताईला रडू आलं नाही. तिने त्याच्याकडे असलेली घराची दुसरी किल्ली काढून घेतली आणि आत जाऊन नवऱ्याजवळ बसली. त्याच्या ओठांवर हळूहळू रंग परतत होता.

असं कुणी काही दाखवलं, तर एक बटण दाबून बघा, मग दुसरं. आपलं माणूस शपथेवर सांगत असलं तरी बघा. विचारल्याने नातं तुटत असेल, तर ते आधीच तुटलेलं असतं.