प्रांजलची गंजकी गिटार

“आप्पा, आजून गंज पायजे. ह्यो लय सोज्वळ दिसतोय,” प्रांजल म्हणाली.

मी बाटलीतलं मीठ घातलेलं व्हिनेगर परत गिटारवर फवारलं. लोखंडाचा भुगा कालवलेला रंग सकाळीच दिला होता, तो आता अंगणात डोळ्यांदेखत तांबूस होत होता. बत्तीस वर्षं कुपवाडच्या रंगकामाच्या शेडमध्ये काढली, ती सगळी गंज घालवण्यात. आणि पोटची पोरगी म्हणते, गंज चढवा. पुण्याला शिकायला गेली आणि गिटारवाल्यांत जाऊन बसली. दोनच दिवसांनी सांगलीत तिचा स्टेजवरचा पहिला कार्यक्रम होता, तोही ओळखीच्या माणसांसमोर. गिटार तिला अशी हवी होती, की विहिरीतून उपसून काढलीय असं वाटावं.

“पुण्यात करून देणारं असतील की कोणतरी,” मी म्हटलं होतं.

“हायत. पण मला तुमच्या हातचं पायजे.”

दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरत होता. दोन कपाटांच्या दारांवर रंगाचे ओघळ आले, तेव्हा शेडच्या मालकानं, मानसिंगशेठनं, मला बाजूला घेतलं. “जोतिबा, थोडं दिवस टाकीकडं बघ गड्या. रंगाची गन दुसरं कोणतरी धरंल.” आवाजसुद्धा चढवला नाही. त्याचाच जास्त राग आला. तेव्हापासून मी गंजके पत्रे ॲसिडच्या टाकीत बुडवतो आणि घरी सांगतो, आज चार कपाटं मारली.

घरी तरी कुठं सुख? प्रांजलची आई हल्ली चहा अर्धा कपच देते. मागितला तर परत देते, पण अर्धाच. दूध महागलं का, असं विचारलं तर म्हणाली, “दोनदा गरम प्या की. कप भरला की गार हुतोय.” कपभर चहाचीही लायकी उरली नाही, असं मनात आलं.

गंजाची मला भीती नव्हती. तो वाकडातिकडाच शोभतो. भीती होती ती त्यावरच्या क्लिअरची. तो पारदर्शक थर दिला नाही तर गंज कपड्यांना लागणार. आणि तो द्यायचा म्हणजे गन एका चालीत सरळ फिरली पाहिजे. हात जरा अडखळला की ओघळ आलाच. रात्रभर तोच विचार.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शेठकडून किल्ली आणली. शेडमध्ये आम्ही दोघंच.

“तू भायेर थांब. वास सोसायचा न्हाई.”

“मास्क लावलाय की.” ती हलली नाही.

डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि गनचा खटका दाबला. पहिल्या दोन चाली झकास गेल्या. मला वाटलं, निभावलं. तिसऱ्या चालीला खालच्या कडेपाशी हात उडाला. क्लिअर तिथं साचलं आणि चार बोटं लांब ओघळ खाली आला. घासून परत मारावं, तर उद्यापर्यंत वाळायचं नाही. पोरीच्या पहिल्याच कार्यक्रमाची मी माती केली.

मी फडकं उचललं.

“पुसू नगा,” प्रांजल म्हणाली. वाकून तिनं नीट पाहिलं. “गंज म्हणल्यावर पाणी ओघळणारच की आप्पा. ऱ्हाऊ दे. लय झाक दिसतंय.”

ती मन राखायला बोलतेय का, हे मी तिच्या तोंडाकडं बघून ताडायचा प्रयत्न केला. तिनं मास्क काढला नव्हता. डोळे नेहमीसारखेच होते.

गिटार वाळत टाकून आम्ही दाराशी बसलो. तिच्या आईनं चहाचा थर्मास दिला होता. प्रांजलनं स्वतःचा कप काठोकाठ भरला. मग माझा भरायला घेतला आणि अर्ध्यावर थांबली. तिची आई थांबते, बरोबर तिथंच. थर्मासमध्ये चहा अजून बराच होता.

मी त्या कपाकडं बघत राहिलो.

“ह्या हाताचं कवापास्नं म्हाईत हाय तुमा दोघींस्नी?” मी विचारलं.

तिनं टोपण घट्ट लावलं. “आईला पयल्या आठवड्यातच कळलं.”

“आन तू?”

“प्या आप्पा,” ती म्हणाली. “संपला की आजून देती.”

मी कप उचलला. हात थरथरतच होता. पण अर्ध्या कपातला एक थेंबही सांडला नाही.