थेट विमान बंद झालं तेव्हा

दोन शहरांमधलं थेट विमान बंद झालं आणि चष्मेवाल्याने विमान कंपनीच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं की हनुवटी मशीनवर टेकलेली, बिचाऱ्याला हलता यायचं नाही. तेवढ्यात हा आपलं गाऱ्हाणं ऐकवून घ्यायचा. दीड तासाचं आमचं विमान, तोट्यात चाललंय म्हणून बंद करतात म्हणजे काय?

‘आमचं’ म्हणायला तसं कारण होतं. चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची बदली त्या दुसऱ्या शहरात झाली होती. तिकडच्या नर्सिंग कॉलेजात ती शिकवायची आणि एक शनिवार सोडून एक या विमानाने घरी यायची. हा दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत तिचा स्वयंपाक झालेला असायचा, त्याच्या शर्टांना इस्त्रीही झालेली असायची. रविवारीही दुकान उघडं, त्यामुळे संध्याकाळी तिची तीच विमानतळावर जायची. संसार मजेत चाललाय, असं त्याचं ठाम मत होतं.

आता महिना उलटला तरी ती आली नव्हती. मधे विमान बदलायचं म्हणजे आख्खा दिवस जातो, हे त्यालाही पटत होतं. पण घर खायला उठलं होतं. तो एका खोलीत टीव्ही लावायचा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा, म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे असं वाटायचं. आवाज नेमका बातम्यांचा असायचा, पण चालवून घ्यायचा.

शेवटी त्याने कंबर कसली. आपणच जायचं. आधी रेल्वे, पुढे बस, सगळे मिळून चौदा तास. दुपारी दुकानात माशा मारत बसला असताना त्याने तिला फोन लावला आणि मोठा तीर मारल्याच्या थाटात बेत सांगितला. रेल्वे नको असेल तर थेट बसही होती. कोणती बरी, ते तिनेच ठरवावं.

“दोन्ही सारखंच,” ती म्हणाली.

डोळे तपासताना ‘हे भिंग बरं की ते?’ला हे उत्तर आलं, की आता भिंगं बदलत बसण्यात अर्थ नाही, हे तो ओळखायचा.

“मी येऊ नको का?”

“खरं सांगू? विमान बंद झाल्याचं कळलं, तेव्हा मला हायसं वाटलं. चार वर्षं दीड तासावर होते मी. एकदा तरी आलास?”

“दुकान...” तो म्हणाला.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. रुसवाफुगवा काढण्यात त्याचा हातखंडा होता. पण ती चिडलेली नव्हती, नुसती दमलेली होती, आणि त्यावर काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं.

“शनिवारी येतो,” तो म्हणाला. “नक्की येतो.”

“कुठे येशील?” तिने विचारलं.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट सारखी बंद पडते, समोरच्यांचा कुत्रा पहाटेच भुंकायला लागतो, हे सगळं त्याने शंभरदा ऐकलं होतं. पत्ता त्याने कधी विचारलाच नव्हता.