दोन दिव्यांमधली भिंत

मित्रांनो, कॅमेऱ्याच्या तोंडाशी जी गोल काच दिसते ना, त्या जातीची मी. वयाने बरीच जुनी आहे. माझ्या अंगावरचे आकडे बोटांनी घासून पुसट झाले आहेत आणि कडेचा एक टवकाही उडाला आहे. पण काच अजून स्वच्छ आहे, नजरेला माझ्या काही झालेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं खापर माझ्याच माथी फुटणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेच्या चकत्या घासून घासून गुळगुळीत केल्या, एकामागे एक बसवल्या आणि धातूच्या नळीत बंद केल्या, ती मी. मग मला एका मामांनी विकत घेतलं. ते लग्नाचे फोटो काढायचे. नवरीचे डोळे हिच्यातून येतात तसे दुसऱ्या कशातून येत नाहीत, असं ते चारचौघांत सांगायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. उतारवयात त्यांनी मला भाचीच्या हवाली केलं. "जपून वापर गं," एवढंच म्हणाले.

भाचीला तिचा धाकटा भाऊ ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई एका छापखान्यासाठी जुन्या चित्रांचे फोटो काढते. चित्र समोर टांगायचं, डावीकडे एक दिवा, उजवीकडे तसाच दुसरा, दोघांचा उजेड अगदी सारखा. कुठे चमक नको, कुठे सावली नको. सावलीचा डाग दिसला की छापखान्याचे साहेब काम परत पाठवायचे. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे ताईच्या हाताला तसं वळणच पडलं होतं. घरात कुणाचा वाढदिवसाचा फोटो काढायचा झाला, तरी ती आधी सावली हुसकून लावायची. भाऊ तिला त्यावरून फार चिडवायचा.

ताईचे बाबा भिंतींना गिलावा करायचे. तरुणपणी त्यांनी एका कारखान्याच्या भोजनगृहात लांबच लांब भिंत केली होती. ओल्या गिलाव्यावर थापी फिरवत, नुसत्या मनगटाच्या जोरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटा उठवल्या होत्या. पुढे बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि ते खाटेला खिळले. त्यातच ते भोजनगृह पाडणार अशी बातमी आली. बाबांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, "एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं." ताईने मनाशी पक्कं केलं, भिंतीचा मोठा फोटो काढायचा आणि तो बाबांच्या खाटेसमोर लावायचा.

भावाने आपल्या गाडीतून सामान नेलं. ताईने भिंतीच्या डावीकडे एक दिवा लावला, उजवीकडे दुसरा. जे समोर आलं ते मी इमानेइतबारे टिपलं. फोटो मोठा करून घरी आणला तेव्हा बाबांनी तो कितीतरी वेळ पाहिला.

"भिंत माझीच आहे," ते म्हणाले, "पण इस्त्री केल्यासारखी दिसते गं."

ताईचा चेहरा पडला. "लेन्स म्हातारी झालीय, बाबा. बारीकसारीक काही पकडतच नाही. नवी घेते मी."

मित्रांनो, मला किती लागलं म्हणून सांगू. लाटेची एक बाजू उजळ आणि दुसरी काळोखी असेल, तरच ती लाट दिसते. दोन्हीकडून सारखाच उजेड मारल्यावर सावली मी आणायची कुठून? पण मला ना तोंड ना हात. ताईने माझ्यावर झाकण बसवलं.

मग दुकानाच्या फेऱ्या सुरू झाल्या. जुनी कशी आहे ते दाखवायला ती मलाही न्यायची आणि काचेच्या टेबलावर ठेवायची. दुकानदार भला माणूस होता. "पोत हवा ना? मग ही घ्या. अगदी जवळून फोटो काढता येतो, आणि धार पार कोपऱ्यापर्यंत सारखी," तो सांगायचा. "ही दुसरी जरा लांबून काढते. पण मागे सरकायला जागा हवी."

ताई गोणपाटाचा तुकडा, झाडाची साल, खरखरीत वीट असं काय काय घेऊन जायची, दोन्ही लेन्सनी फोटो काढून बघायची. एकीची धार चांगली, दुसरीचा रंग चांगला.

"ताई, लेन्स घेतेयस की मुलीसाठी स्थळ बघतेयस?" भाऊ म्हणायचा.

तीही हसायची. दिव्यांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी जी पसंत पडली ती दुकानात नव्हती, मागवावी लागली. ती येईपर्यंत भोजनगृहाचं छप्पर उतरवायची तयारी सुरू झाली होती. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

नवी लेन्स कॅमेऱ्यावर बसली. मी पिशवीच्या उघड्या कप्प्यात, झाकणाविना, अडीअडचणीला असू दे म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि भोजनगृहाचं दार उघडं होतं. त्या दारातून ऊन तिरकं आत आलं आणि भिंतीला घासत गेलं. मित्रांनो, काय सांगू! सगळी भिंत जागी झाली. लाट चढत होती, वळत होती, पुढच्या लाटेत शिरत होती. एका माणसाचा हात या टोकाकडून त्या टोकाकडे गेलेला स्पष्ट दिसत होता.

ताईची पाठ भिंतीकडे होती. ती दिव्यांच्या वायरी सोडवत होती.

"दार लोटून घे रे, ऊन येतंय," ती म्हणाली.

"ताई, बघ तरी, किती छान दिसतेय."

"नंतर. आधी दार."

भावाने दार लोटलं. मी कप्प्यात पडून होते, लोळून खाली पडावं तर तेवढंही बळ माझ्यात नव्हतं. दोन्ही दिवे लागले आणि भिंत पुन्हा सपाट झाली.

नव्या फोटोत वाळूचा कण न् कण दिसत होता. बाबांनी तो पाहिला, मग लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "छान आलाय हो. किती धावपळ केलीस," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी उशी दुसऱ्या अंगाला घ्यायला सांगितली, फोटोकडे पाठ होईल अशी.

भिंत पडली त्या दिवशी भाऊ तिचा तळहाताएवढा तुकडा घेऊन आला आणि त्याने तो खिडकीत ठेवला. खिडकीतला उजेड बाजूने पडत होता. तेवढ्याशा तुकड्यावर लाट वर आलेली ताईने पाहिली. तिने तुकडा उजेडाकडे वळवला, तशी लाट मिटली; परत बाजूला वळवला, तशी पुन्हा उठली. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून मला काढलं, हळुवार पुसलं आणि एकच दिवा बाजूला ठेवून त्या तुकड्याचा फोटो काढला. फोटो खरंच सुरेख आला. बाबांनी डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं.

"इथे लाट चढते," ते म्हणाले. बोट फोटोच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. "पुढे हात कुठे वळवला होता, ते आता आठवत नाही गं. भिंत दिसली असती तर आठवलं असतं."

त्या दिवसापासून ताई मला फार जपते. पण त्याचं आता मी काय करू? मित्रांनो, आम्हा वस्तूंना नीट पुसा, नीट ठेवा, एखादं काम बिघडलं तर आमच्यावर झाकण बसवण्याआधी एकदा विचार करा. आम्हाला बोलता येत नाही, ते राहू दे. भाऊ तर बोलला होता. कुणी "बघ तरी" म्हणालं, तर हातातलं काम ठेवा आणि आधी मान वळवून बघा.