ओला ओटा

आईचा ओटा परत करायचा, असं मी ठरवलं होतं. अंधेरीच्या पालिका मंडईत, मासळी विभागात खांबाला लागून तो दगडी ओटा. परवाना तिच्या नावावर. ती गेल्यावर वॉर्ड ऑफिसात चौकशी केली. खिडकीवरच्या बाईंनी सरळ सांगितलं, "निरीक्षक येऊन बघतील. बंद असेल तर जमा होईल, चालू असेल तर वारसाच्या नावावर चढेल." मी कॉलेजात शिकवते. म्हणजे बंदच.

निरीक्षक यायच्या दिवशी मी लवकर गेले. ओटा ओला होता.

"कोणी धुतला?" मी शेजारच्या ओट्यावरच्या मथुरामावशीला विचारलं.

"मीच. रोज पाणी मारते. सुका दिसला की लोक खोके आणून ठेवतात."

"मावशी, मी सोडतेय तो."

"सोड की. पुस्तकं मांडून बसनार होतीस काय?" पलीकडच्या बायका हसल्या. मावशी सुरमई कापतच होती. "आमची दिपाली बाहेर फुटपाथवर बसते. पालिकेची गाडी आली की पाटी घेऊन पळते. ओटा तुझ्या नावावर र्‍हायला तर तुझी मदतनीस म्हनून सून बसंल माझी. पन ओटा तुझा, मर्जी तुझी."

"आई काही म्हणाली होती?"

"तुझी आय? माझ्या पोरीच्या हाताला वास नको, म्हनायची."

ते मला माहीत होतं. घरी आल्यावर लिंबाने हात घासल्याशिवाय आई मला जवळ घेत नसे.

निरीक्षक आले. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं. "ओला आहे, पण माल कुठाय? काय लिहू, चालू की बंद?"

मावशी मान खाली घालून सुरमई कापत राहिली.

मी तिच्या पाटीतले बांगडे उचलून ओट्यावर मांडले, सगळी डोकी एका बाजूला, आई मांडायची तशी.

"चालू," मी म्हणाले.

ते लिहीत असतानाच एक बाई थांबल्या. "ताजे आहेत ना?"

मी एकाचा कल्ला उघडून दाखवला. आतून लालभडक होता.

"द्या चार. साफ करून."

ते मला येत नव्हतं. मी फाटकाशी गेले आणि फुटपाथवर बसलेल्या दिपालीला हाक मारली, "पाटी घेऊन आत ये गं."