पडणं आणि रडणं यांच्यामधला दीड सेकंद

मित्रांनो, ‘एक मिनिट हं, आलोच’ असं म्हणून गेलेला माणूस खरोखर एका मिनिटात परत आलाय, असं मी अजून पाहिलेलं नाही. कुणी चार मिनिटांनी येतो, कुणी अकरा, आणि एक गृहस्थ तर दुसऱ्या दिवशी आले. हे मी हवेत बोलत नाही, मोजून सांगतो. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे आणि मोजण्याच्या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. चकचकीत अंग, काचेखाली पांढरी तबकडी आणि डोक्यावर एकच बटण. ते एकदा दाबलं की मी धावतो, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की मुकाट्याने शून्यावर जातो. एका सेकंदाचे मी पाच तुकडे करतो. तिथल्या तपासनीस बाईंनी मला तीन दिवस कानाशी धरून ऐकलं आणि ‘हा चोख आहे’ म्हणून डबीत घातलं. त्या कौतुकावर मी आजवर जगलो आहे.

पहिली नोकरी शाळेतल्या खेळाच्या सरांकडे. मुलं धावायची, मी मोजायचो आणि सर स्वतःच्या भाच्याच्या वेळेतून अर्धा सेकंद कमी करून लिहायचे. मला तोंड असतं तर त्या शाळेत मोठा गोंधळ झाला असता. पुढे सर निवृत्त झाले आणि मी मोज्यांच्या खणात जाऊन पडलो. सहा वर्षं. शेवटी सरांच्या धाकट्या भावाने मला बाहेर काढलं, फुंकर मारली, किल्ली दिली आणि खिशात टाकलं. ते कार्टूनपट काढणाऱ्या स्टुडिओत कामाला होते. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत.

आता कार्टूनवाल्यांना स्टॉपवॉच कशाला, असं तुम्ही विचाराल. सांगतो. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. अस्वल शिंकणार असेल तर ती शिंक किती चित्रांची, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून काढणारा माणूस स्वतः शिंकतो आणि बटण दाबतो. भल्या मोठ्या वयाची माणसं खुर्चीवरून उड्या मारताना, दारावर आपटताना, नसलेल्या केळ्याच्या सालीवरून घसरताना मी रोज पाहिली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी वेड्यांच्या इस्पितळात आलो. नंतर आवडायला लागलं.

मास्तरांचा अंगठा संधिवाताने धरला, तेव्हा त्यांनी मला आपल्या लाडक्या विद्यार्थ्याच्या हवाली केलं. हाच आमचा चित्रकार. जुन्या काळ्यापांढऱ्या कार्टून्सचं त्याला अक्षरशः वेड. घरी एक छोटा प्रोजेक्टर होता, पडदा नव्हता, म्हणून तो कपाटाच्या दारावर रिळं दाखवी. बायकोला साडी काढायची असली की रीळ संपेपर्यंत थांबावं लागे. ती दातांची डॉक्टर, स्वभावाने सरळ आणि हाताने खंबीर. तीही कधीकधी शेजारी बसून हसायची. तिच्या हसण्यावरच आपलं प्रेम जडलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. मी ते हसणं मोजलं आहे. चांगलं नऊ-नऊ सेकंद चालायचं.

स्टुडिओतल्या लोकांचा एक रिवाज होता. वर्षातून एकदा एका लहान सभागृहात प्रत्येकाने फावल्या वेळात काढलेला स्वतःचा चित्रपट दाखवायचा. आमच्या चित्रकाराचाही एक होता. रंगारी अस्वल शिडीवर चढून छत रंगवतं, एवढीच गोष्ट. तीन मिनिटं, म्हणजे चार हजार तीनशेवीस चित्रं. गेली तीन वर्षं तो ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत होता. घोडं अडलं होतं ते पडण्यावर. अस्वल शिडीवरून पडे, पण कुणाला हसू येत नसे. मास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले की पडतंय छान, पण त्याच्या पडण्याचं मला काही वाटत नाही. चित्रकार चार रात्री नीट जेवला नाही.

अशातच तो बाप व्हायची वेळ आली. इस्पितळात परिचारिकेने विचारलं, दोन कळांमध्ये किती वेळ जातोय? त्याच्या हातात मी होतोच. तो घाईघाईने म्हणाला, “पाच हजार सातशेसाठ चित्रं.” परिचारिका त्याच्याकडे बघत राहिली. आतून बायको ओरडली, “चार मिनिटं म्हणतोय तो!” मला बायकोचा हिशोब फार आवडला. अशा प्रसंगातही बरोबर होता.

मुलगी झाली. गोल, टकलू आणि रागीट. पाळण्यातलं नाव काहीही असो, घरात ती ठमी झाली. पहिले सहा महिने मी जेवढा राबलो तेवढा खेळाच्या सरांकडेही राबलो नव्हतो. ढेकर यायला किती वेळ, डोळा लागायला किती, डोळा लागला असं वाटून पुन्हा भोकाड पसरायला किती. चित्रकाराच्या टेबलाला मध्ये काच आणि काचेखाली दिवा असतो, म्हणजे खालच्या कागदावरचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. त्या उबदार काचेवर ठमीचे लंगोट बदलले जाऊ लागले. एकदा अस्वलाची अकरा चित्रं खालीच राहिली होती. त्यांचं काय झालं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

ठमी सात महिन्यांची झाल्यावर बायकोचा दवाखाना पुन्हा सुरू झाला. ठरलं ते असं, की नऊ ते दोन ठमी बापाकडे, दोन वाजता आई घरी आणि बाप स्टुडिओत. ठमी झोपली की अस्वल, उठली की ठमी. ऐकायला सोपं होतं. प्रत्यक्षात चित्रकाराच्या नाकी नऊ आले. एका हाताने बाटली, दुसऱ्या हाताने पेन्सिल, आणि कपाटाच्या दारावर जुनं रीळ, कारण त्याशिवाय ठमी तोंड उघडत नसे. बाप तसं लेकरू. पण खरं सांगतो, त्या महिन्यांत मी त्या दोघांना जितकं हसताना ऐकलं तितकं त्या घरात आधी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग ठमी चालायला लागली, म्हणजे मुख्यतः पडायला लागली.

एका सकाळी तो अस्वलाच्या पडण्याची वेळ ठरवत बसला होता. अंगठा माझ्या डोक्यावर होता. तेवढ्यात ठमी समोर बुडावर आपटली. दचकून त्याच्याकडून बटण दाबलं गेलं. ठमी रडली नाही. तिने आधी मान वर केली, बापाच्या तोंडाकडे पाहिलं, त्याचे डोळे विस्फारलेले दिसले आणि मग तिने सूर लावला. तो दचकला आणि पुन्हा बटण दाबलं गेलं. माझा काटा दीड सेकंदाच्या जवळ थांबला होता.

चित्रकाराने आनंदाने आरोळी ठोकली, त्यामुळे ठमी आणखी घाबरली आणि दुप्पट रडली. तिला कडेवर घेऊन तो घरभर नाचत होता. त्याला उत्तर सापडलं होतं. अस्वल पडतं, पण पडल्यावर कुणाकडे बघतच नाही! त्याने आधी आपल्याकडे बघायला हवं. लागलंय का, रडू का, असं विचारायला हवं.

इथेच तो थांबला असता तर फार बरं झालं असतं. पण अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. एका मापावर विश्वास ठेवायचा नाही, हे मास्तरांनीच शिकवलेलं. त्याने घरभर उशा पसरल्या आणि एक कागद आखून भिंतीवर लावला. ‘मंगळवार, स्वयंपाकघर, बुडावर, एक सेकंद दोन भाग. बुधवार, पलंगाशेजारी, गुडघ्यावर, एक सेकंद तीन भाग, रडली नाही.’ मीही त्यात सामील होतो, मित्रांनो. इतकं चोख काम मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं आणि मी फुशारलो होतो. आज मला त्याची लाज वाटते.

शुक्रवारी ठमी उशा सोडून टेबलाच्या कोपऱ्याकडे निघाली. पाय लटपटत होते. चित्रकार दोन पावलांवर उभा होता आणि त्याचा अंगठा माझ्यावर होता. ती पडली. कपाळ टेबलाच्या पायावर टक्कन आपटलं. त्याने बटण दाबलं. तिने पाहिलं, ती रडली, त्याने पुन्हा दाबलं आणि मग तिला उचललं. विसरलेला चष्मा न्यायला परत आलेली बायको दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

तिने ठमीला घेतलं, कपाळाला गार पाणी लावलं, टेंगूळ दाबून पाहिलं. रडणं थांबल्यावर भिंतीवरचा तो कागद वाचला. शांतपणे, अगदी पहिल्या ओळीपासून. मग म्हणाली, “ती पडणार हे तुला दिसत होतं. आणि तू बटण दाबलंस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं तर ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. काट्यावर वेळ दिसत होती.

ती पुढे म्हणाली, “माझ्याकडे रोज मुलं येतात. खुर्चीत बसली की आधी आईच्या तोंडाकडे बघतात आणि रडायचं का ते ठरवतात. मला विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं.” मग तिने माझ्याकडे हात केला. त्याने मला गुपचूप तिच्या हातावर ठेवलं.

मी तिच्या पर्समध्ये गेलो. तिने सांगून टाकलं की असंच चाललं तर ती आपल्या मावशीला राहायला बोलावून घेणार, आणि मावशीला तसं विचारूनही ठेवलं. फार तर एक महिना थांबेन, म्हणाली, बघू तुझ्या भरवशावर पोरीला ठेवता येतं का. आता प्रश्न अस्वलाचा राहिलाच नव्हता. ठमीने सकाळी डोळे उघडल्यावर बाप दिसणार की मावशी, हा प्रश्न होता. तो कागद चित्रकाराने स्वतः फाडला.

पर्समधलं आयुष्य मी शत्रूलाही देणार नाही. किल्ल्या, कंगवा, दात तपासायचा एक आगाऊ आरसा आणि आवळासुपारीची एक डबी, जी दर वळणावर माझ्या काचेवर आदळे. किल्ली कुणी देईना. मी बंद पडलो. पण कान शाबूत होते.

अठराव्या दिवशी बायको दुपारी घरी आली आणि दारातच थबकली. पर्स उघडी होती, मला अर्धवट दिसत होतं. काचेच्या टेबलावर शाईची आख्खी बाटली आडवी झाली होती. शाई चित्रांवरून, कडेवरून, खुर्चीवरून खाली ठिबकत होती. जमिनीवर चित्रकार बसला होता, कोपरापर्यंत काळा. मांडीवर ठमी, तिच्या ओठाला बारीकशी चीर आणि तोंडात बिस्किट. ठमी खुशीत होती. रडत होता तो.

त्याने सांगितलं ते असं. तो चित्रांत शाई भरत होता. ठमी केव्हा स्टुलावर चढली ते कळलं नाही. स्टूल हललं तसा तो टेबलावरून झेपावला, पण हात बोटभर कमी पडला. पडल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. तो आतून पुरता घाबरला होता, तरी त्याने तोंड अगदी साधं ठेवलं आणि म्हणाला, “काही नाही झालं. काही नाही.” तिने विचार केला आणि बिस्किट मागितलं. मग ती खायला लागल्यावर याला रडू फुटलं.

बायकोने ओठ तपासला. वरवरची चीर होती. मग टेबलाकडे बघून तिने विचारलं, “आणि चित्रं?”

“कुठली चित्रं?” तो म्हणाला.

नाटक नव्हतं ते. त्याला खरोखरच सुचत नव्हतं की ती कशाबद्दल विचारते आहे. मान वळवून टेबल पाहिलं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. चौऱ्याऐंशी चित्रं गेली होती. बायको त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. मावशीला तिने त्याच संध्याकाळी फोन केला, म्हणाली की नको येऊस, इथे माणूस आहे.

ती चौऱ्याऐंशी चित्रं त्याने पुन्हा काढली, ठमीच्या झोपांमध्ये. अस्वल पडतं आणि आपल्याकडे बघतं, ते किती वेळ? मला वाटलं, आता तरी मला मागेल. मागितलं नाही. त्याने ते मनानेच काढलं. माझा अपमान झाला, हे मी लपवत नाही.

दाखवायचा दिवस आला. सभागृहात अंधार झाला. बायको मधल्या रांगेत, ठमी तिच्या मांडीवर. आता ती दीड वर्षाची होऊन वर दोन महिने झाले होते. चित्रकार मागे दाराशी उभा होता, त्याची पाचावर धारण बसली होती. पडद्यावर अस्वल शिडी चढू लागलं. तेवढ्यात बायकोने पर्समध्ये हात घातला, मला बाहेर काढलं आणि किल्ली दिली. कित्येक महिन्यांनी मी जागा झालो.

अस्वल पडलं.  बादली डोक्यावर, रंग चहूकडे. अस्वलाने बादली वर केली आणि सरळ लोकांकडे पाहिलं, तशी बायकोने माझं बटण दाबलं. ओठ थरथरत होता. कुणी हसेना, कुणी हलेना. ठमीला वाटलं, ते आपल्याकडेच बघतंय. तिने तोंड अगदी साधं केलं आणि त्या शांततेत मोठ्याने म्हणाली, “काई नाई.”

बायकोने पुन्हा बटण दाबलं. आणि जणू ठमीचं ऐकून अस्वल उठलं, अंग झाडलं आणि पुन्हा शिडी चढू लागलं. सगळं सभागृह खदखदून हसलं. मास्तर हसता हसता इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दिवे लागल्यावर चित्रकार आला. बायकोने मला त्याच्यासमोर धरलं. एक सेकंद आणि तीन भाग. न मोजता काढलेलं त्याचं माप बरोबर आलं होतं. पण मला घेण्याआधी त्याने विचारलं, “तू मोजत होतीस?”

“मोजायला हरकत नाही,” ती म्हणाली. “ती माझ्या मांडीवर होती.”

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, उगीच किल्ली पिळू नका, मोज्यांच्या खणात टाकू नका, एवढं मागणं माझं आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. तुमच्यासमोर कुणी पडलं, लहान किंवा मोठं, तर हातात जे काही असेल ते आधी खाली ठेवा. मीही असलो तरी. पडलेलं माणूस रडायच्या आधी दीड सेकंद वर बघतं. मी हे मोजलेलं आहे. तेवढ्या वेळात त्याला तुमचं तोंड दिसलं पाहिजे.