दीर्घ रू

मुद्रितशोधक बाईंनी अकरावी चिठ्ठी मधल्या रिकाम्या खुर्चीवर चिकटवली: घोरपड.

"येतोय ना नक्की?" मास्तरांनी विचारलं.

"सहा वर्षांत पहिल्यांदा 'येतो' लिहिलंय त्यानं. नाही आला, तर दुकान बंद!"

दुकान म्हणजे शुद्धलेखन तपासणारं फुकटचं सॉफ्टवेअर. अकरा हौशी माणसं ते घरबसल्या चालवत आणि एकमेकांचं तोंडही न पाहता कचाकचा भांडत. एकदा समोरासमोर बसा, माणूस कळेल, असा धोशा लावून बाईंनी सगळ्यांना वाचनालयाच्या खोलीत ओढून आणलं होतं. त्यांची नजर अधू होत चालली होती. आज कारभार घोरपडीच्या हाती द्यायचा होता; दुसऱ्या कुणाला तो झेपणारा नव्हता. चूक धरली की सोडायची नाही, म्हणून हे नाव. पण हा पठ्ठ्या स्वतः मात्र दर वेळी 'दुरूस्त केलं' लिहायचा, चक्क दीर्घ रू! सगळे टर उडवत. तो ढिम्म.

दार उघडलं. पिशवी छातीशी धरून एक वयस्कर बाई आत आल्या.

"घोरपडीची मंडळी तुम्हीच का? मी त्याची आई."

"या, या! तो कुठाय?"

"तो जाऊन चार वर्षं झाली हो. त्याचा संगणक बंद करायचा धीर होत नाही मला. त्यावर तुमचं बोलावणं दिसलं. म्हटलं, मित्र तरी बघावेत त्याचे."

गेल्या मंगळवारीच घोरपडीनं तीन चुका काढल्या होत्या.

बाईंनी कागद पुढे केला. "जरा 'दुरुस्त' लिहून दाखवता?"

आईंनी लिहिलं. रू दीर्घ.

"अहो, म्हणजे त्याच्या नावानं तुम्हीच लिहिता!" बाईंचा जीव भांड्यात पडला. "तोही असाच चुकायचा. रु ऱ्हस्व हवा."

"छे हो, मला कुठलं येतंय ते! पण अक्षरं त्याला मीच शिकवली."

तेवढ्यात दहाच्या दहा फोन एकदम वाजले. बाईंना अक्षरं लागेनात. मास्तरांनी वाचून दाखवलं:

"'दुरूस्त केलं. कारभार बघतो. आई पोचली का?'"

आईंनी खुर्चीवरची चिठ्ठी सोडवून स्वतःच्या खांद्यावर लावली आणि त्या तिथेच बसल्या.

"कळवा, पोचले म्हणून. आणि रु ऱ्हस्व असतो म्हणावं. चूक माझीच."

बाईंनी जन्मात कुणाची चूक सोडली नव्हती.

"पोचल्याचं कळवते," त्या म्हणाल्या. "ते दुसरं राहू द्या, आई."